मोजून दिलेलं पाणी

आमच्या वस्तीत सव्वीस वर्षांत जेवढी पोरं जन्मली, त्यातल्या बहुतेकांचं पहिलं वजन माझ्या नणंदेनं केलं. दोमितिलावन्सं सरकारी दवाखान्यात मदतनीस होत्या. नर्स यायच्या, दोन पावसाळे काढायच्या आणि बदली करून घेऊन बेटावरून निघून जायच्या. वन्सं मात्र कायमच्या. फरशी पुसायची, भांडी उकळायची, कार्डं लिहायची, आणि पोटुशी बाई आली की तिच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळून आकडा मोठ्यानं वाचायचा. "एकशे दहा, सत्तर. ऊठ, काही झालेलं नाही तुला. सासूला सांग, पाणी भरायला दुसरी कुणीतरी शोध."

त्यांच्या बोलण्याला सगळी वस्ती वचकून असायची. मी लग्न होऊन उकेरेवे बेटाच्या या टोकाला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी मी केलेली मक्याच्या पिठाची उगाली त्यांनी बोटानं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "एवोडिया, ही माझ्या भावाच्या डोक्यासारखी झालीय. वरून गुळगुळीत, आत गुठळ्या." माझा नवरा माझिगो शेजारीच बसला होता. तो हसला, मग मीही हसले. तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांचा नवरा मासेमारीला गेला तो सरोवरातून परत आला नाही. तेव्हा वन्सं चाळिशीच्या होत्या. त्या आमच्याच अंगणात, पलीकडच्या घरात राहायला आल्या. पुढं जगलेले दोन्ही मुलगे सोन्याच्या खाणींकडे कामाला गेले. मुलगी कोलेता म्वांझा शहरात एका सलूनमध्ये बायकांचे केस विणायची. नवरा जायच्या दोन वर्षं आधी वन्संचं पाचवं बाळंतपण झालं होतं, ते मला चांगलं आठवतं, कारण मी सोबत होते. पाय सुजून खांबासारखे झाले होते, चेहरा ओळखू येत नव्हता. दवाखान्यात नेताना वाटेतच आकडी आली. मूल मेलेलंच जन्मलं. वन्सं तीन दिवस शुद्धीवर नव्हत्या. महिन्याभरानं उठल्या, रंगीत कापडाचा कांगा कमरेला गुंडाळला आणि कामावर हजर झाल्या. "झालं ते झालं," म्हणाल्या. नर्सही तेच म्हणाली. सूज उतरली, बीपी उतरलं, कार्ड बंद झालं. त्यानंतर त्यांच्या दंडाला कुणी पट्टा लावला नाही. पट्टा पोटुश्या बायकांसाठी असतो, असंच आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. ज्या दिवसभर तो दुसऱ्यांना लावायच्या, त्याही.

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांची पाळी गेली. भर सावलीत अंगातून वाफा निघायच्या, झोप लागायची नाही, कानशिलं ठणकायची. आम्ही बायका सकाळी खडकांवर बारीक मासळी वाळत घालायला बसायचो, तिथं एकदा हा विषय निघाला.

"मला सांगा, ते रक्त जातं कुठं?" वन्संनी विचारलं. "पस्तीस वर्षं महिन्याच्या महिन्याला बाहेर पडत होतं. आता दार बंद झालं. मग ते वर चढतं. डोक्यात. म्हणून डोकं दुखतं."

"आणि उतरतं कधी?" शेजारच्या यासिंतानं विचारलं. तिचीही पाळी नुकतीच चुकायला लागली होती.

"शरीराला सवय झाली की. माझ्या आईचं सहा वर्षांनी उतरलं."

"नाही उतरलं तर?"

"तर नवऱ्याच्या डोक्यावर ओतायचं. तुझ्याकडे आहे ना शिल्लक एक?"

सगळ्या खो खो हसल्या. मीही. त्यांची आई अठ्ठावन्नाव्या वर्षी विहिरीवर कोसळली होती आणि नंतर अकरा दिवस एक शब्द न बोलता गेली होती, हे त्या खडकावर बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पण ते आणि हे जोडून बघावं असं कुणाच्याच मनात आलं नाही.

डोकेदुखीवर त्यांचा इलाज त्यांच्याच हाताशी होता. दवाखान्याच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कांग्याच्या गाठीत असायची. गुडघ्यांसाठी म्हणून त्या दुखण्यावरची गोळी घ्यायच्या, मग तीच डोक्यासाठी घ्यायला लागल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. चार-साडेचार वर्षं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वीस-बावीस वर्षं या गोळ्या वाटतेय मी. मला नको शिकवूस."

वन्सं पंचावन्न वर्षांच्या असताना नेस्तोरी नावाचा तरुण डॉक्टर दवाखान्यात आला. पूर्ण डॉक्टर नव्हे, तीन वर्षांचं शिक्षण घेतलेला, पण आमच्यासाठी डॉक्टरच. आल्या आल्या त्यानं फर्मान काढलं, आधी दवाखान्यातल्या माणसांचं बीपी बघू. मी त्या दिवशी हाताला काटा लागला म्हणून पट्टी करायला गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. त्यानं वन्संच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला.

"काय झालं?" वन्संनी विचारलं.

"वरचा दोनशे दहा. खालचा एकशे वीस."

"यंत्र बिघडलंय. मागच्याच महिन्यात पडलं होतं."

नेस्तोरीनं तोच पट्टा माझ्या दंडाला लावला. माझं एकशे तीस, चौऱ्याऐंशी आलं. मग स्वतःला लावला. मग पुन्हा वन्संना. दोनशे आठ.

"वन्सं, यंत्र ठीक दिसतंय," मी म्हणाले.

"तू गप. मासळीवाली."

नेस्तोरीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं विचारलं. पाळी कधी गेली, आईला काय झालं होतं, बाळंतपणं कशी झाली. पाचव्या बाळंतपणाचं ऐकून तो लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "मामा," (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मामाच म्हणतात), "ज्या बाईला पोटुशेपणी असं बीपी चढलं, तिचं पुढं आयुष्यभर बघत राहावं लागतं. आणि पाळी गेली की शरीराची एक ढाल जाते. रक्तवाहिन्या कडक होतात. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"मी सांगते लोकांना," वन्सं म्हणाल्या. "मला कोण सांगणार?"

त्यानं दुखण्यावरच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि बीपीच्या दोन गोळ्या दिल्या, रोज, न चुकता, मरेपर्यंत. मीठ कमी. मिठातली मासळी बंद.

वन्संनी पंधरा दिवस घेतल्या. डोकं थांबलं, तशा गोळ्याही थांबल्या. मी हटकलं की म्हणायच्या, "दुखत नाही तर घेऊ कशाला? रोगाला उगीच आठवण करून द्यायची?" डोकं दुखलं की आठवडाभर घ्यायच्या. कधी दवाखान्यातलाच साठा संपायचा आणि बोटीनं नवा यायला दोन-तीन महिने जायचे. मग त्या मला तोंडावर सुनावायच्या, "बघ, घेत असते तरी संपल्याच असत्या." नेस्तोरी चिडायचा, पण त्यांच्यापुढं त्याचं काही चालायचं नाही. आईच्या वयाची बाई, आणि दवाखाना खऱ्या अर्थानं चालवत होती तीच.

पुढच्या दोन वर्षांत त्यांच्यात बदल होत गेला तो इतका हळू, की रोज बघणारीला दिसेना. पायांना संध्याकाळी सूज यायची. चपला बदलल्या, मोठ्या घेतल्या. लघवीला फेस येतो म्हणाल्या एकदा, सहज, धुणं धुताना. जेवण उतरेना. उगालीचा घास तोंडात फिरवत बसायच्या. "तोंडात खिळा धरल्यासारखी चव येते," म्हणायच्या. मग अंगाला खाज सुटली. पाठ खांबाला घासायच्या. ज्या बाईनं मला पस्तीस वर्षं टोमणे मारले, ती टोमणा मारायची विसरायला लागली, तेव्हा मी घाबरले आणि नेस्तोरीला घरी घेऊन आले.

त्यानं रक्त तपासायला नान्सियोच्या इस्पितळात पाठवलं. चार दिवसांनी कागद घेऊन स्वतः आला आणि माझिगोला, मला आणि वन्संना समोर बसवलं. कागद हातात होता, पण त्याकडे बघत नव्हता.

"किडन्या गेल्यात, मामा. दहातला एक भाग चालतोय. तोही धड नाही."

"गेल्यात म्हणजे? आल्या कधी होत्या?" वन्सं म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

"बीपीनं आतून झिजवल्या. त्यात त्या दुखण्यावरच्या गोळ्या. किडनी ओरडत नाही, म्हणून कळत नाही."

माझिगोनं विचारलं, "औषध?"

"आता औषध नाही. रक्त धुवायचं यंत्र असतं, डायलिसिसचं. म्वांझाला. आठवड्यातून तीनदा लावावं लागतं."

"किती आठवडे?"

नेस्तोरीनं कागदाची घडी घातली. मग वन्संनीच भावाला उत्तर दिलं. "माझिगो, ते संपत नसतं. मला माहीत आहे. मी पोस्टर लावलंय दवाखान्यात त्याचं."

आम्ही सकाळच्या बोटीनं निघालो. वन्सं, मी, आणि कपड्यांची एक वळकटी. कोलेता धक्क्यावर उभी होती. आईला बघून तिनं तोंडावर हात धरला. सहा महिन्यांपूर्वी भेटली होती तेव्हा वन्सं तिला उचलून आपटतील अशा होत्या.

मोठ्या इस्पितळात त्यांच्या मानेत नळी घातली आणि यंत्राला जोडलं. चार तास रक्त बाहेर जायचं आणि परत यायचं. बाहेरच्या बाकावर आम्ही सोबतीला आलेल्या बायका बसायचो. आतल्या रांगेत पन्नाशी-साठीच्या बायकाच जास्त होत्या. एक मुसोमाची, दोघी शेंगेरेमाच्या. त्यांच्या सुना, मुली, बहिणी यांच्याशी बोलताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. पाळी गेली, डोकं दुखायला लागलं, वाटलं वयाचं आहे. एकीची आई तर डोक्यातलं रक्त उतरावं म्हणून कपाळावर ब्लेडचे काप मारून घ्यायची. आईच्या कपाळावरच्या त्या खुणा तिनं मला दाखवल्या.

पहिल्या आठवड्यांत वन्संना बरं वाटलं. खाज गेली. त्या कोलेताच्या खोलीत बसून सलूनच्या गिऱ्हाइकांना नावं ठेवायला लागल्या. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याची यादी दिली होती. संत्रं नाही, केळं नाही, रताळं नाही, घेवडा बेताचा, मीठ नाही. आणि पाणी दिवसाला अर्धा लिटर. लघवी जवळजवळ बंद झाली होती, प्यायलेलं पाणी छातीत साठतं, असं त्या म्हणाल्या.

"संत्रं नाही, केळं नाही," वन्सं म्हणाल्या, "मग उकेरेवेची बाई खाणार काय? खडक?"

पाणी मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण कोलेता दिवसभर कामावर. एक निळा प्लास्टिकचा कप होता. पाच कप म्हणजे दिवस. पहिल्यांदा त्यांनी गंमत केली. "माझ्या हातून सगळी वस्ती पाणी प्यायली, आणि आता ही मासळीवाली मला कपानं मोजून देतेय." मग गंमत संपली. दुपारी, गरमीत, ओठ सुकून त्यांची सालपटं निघायची आणि त्या माझ्याकडे बघायच्या. एकदा मी बाहेरून आले तर त्या कपडे भिजवलेल्या बादलीशी वाकल्या होत्या. साबणाचं पाणी होतं ते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी मला ढकलायला हात उचलला, पण जोर नव्हता. तो हात माझ्या खांद्यावरच पडून राहिला.

"एवोडिया, थोडं. घोटभर."

"वन्सं, चौथा कप झालाय. पाचवा रात्रीच्या गोळ्यांना लागेल."

"तुझ्या पाया पडते."

ज्या बाईच्या मी लग्नापासून पाया पडत आले, तिनं हे म्हटलं. मी पाणी दिलं नाही. बाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिले. परत आत गेले तेव्हा त्या पडून होत्या, भिंतीकडे तोंड करून.

आठवड्याला तीन वेळांचं डायलिसिस दोन वेळांवर आलं. खर्च मुलांच्या आटोक्याबाहेर गेला होता, आणि त्यात दोन यंत्रं बंद पडली, तेव्हा रांग लांबली. मग मानेतल्या नळीपाशी पू झाला. ताप आला, हुडहुडी भरली. नळी काढून दुसऱ्या बाजूला घातली. चौथ्या महिन्यात एका सकाळी त्यांनी कोलेताला आणि मला जवळ बसवलं.

"मला घरी न्या."

"आई, घरी यंत्र नाही," कोलेता म्हणाली.

"म्हणून तर."

कोलेता ताडकन उठली. "मामी, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते."

माझं त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मी वन्संकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात हुकूम नव्हता. नुसती विनवणी होती. मी म्हणाले, "कोलेता, त्यांचं शरीर आहे. त्यांना विचार."

"म्हणजे तुम्हीही?" कोलेता म्हणाली. "तुम्हाला कंटाळा आला. घरची आठवण येते तुम्हाला. खरं सांगा."

हे खोटं होतं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. मला घरची आठवण येत होती. तो कप हातात धरायचा मला वीट आला होता. हे वन्संच्या भल्याचं आहे म्हणून मी बोलले, की माझ्या सुटकेसाठी, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या खूप दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "मी जा म्हणणार नाही. राहा म्हटलं तर पुढच्या महिन्यात यंत्र मोकळं असेल अशी खात्रीही देऊ शकत नाही."

आम्ही परत आलो. बोटीतून उतरवायला चार माणसं लागली. वस्तीतल्या बायका धक्क्यावर आल्या होत्या, पोरं कडेवर घेऊन. यासिंतानं विचारलं, "बऱ्या झाल्या का?" वन्सं म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा बरी दिसतेय." त्या दिवशीचं ते शेवटचं बोलणं.

नेस्तोरी रोज यायचा. त्याच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. नाडी बघायचा, पायावरची सूज बोटानं दाबायचा, खड्डा भरून यायची वाट बघायचा आणि मग नुसता बसून राहायचा. एकदा म्हणाला, "मामा, मी आलो तेव्हाच उशीर झाला होता का, की मी नीट दटावलं नाही?" मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार? जाता जाता त्यानं माझं बीपी बघितलं. मीही तोवर चोपन्नाची झाले होते. एकशे अठ्ठावन्न. त्यानं गोळ्या दिल्या. मी रोज घेते. मधे सहा आठवडे साठा आला नव्हता, तेव्हा घेतल्या नाहीत.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी कप ठेवून दिला आणि पाण्याचा घडा त्यांच्या खाटेशी आणून ठेवला. "वन्सं, हवं तेवढं प्या," म्हटलं. त्यांनी घड्याकडे बघितलं. दोन घोट घेतले आणि मान फिरवली. तहानही निघून गेली होती. माझिगो दारात उभा होता. तो मागच्या मागं वळला आणि गोठ्याकडे निघून गेला. गोठ्यात त्या वेळी काही काम नव्हतं.

छातीत पाणी भरत गेलं. त्यांना आडवं होता येईना. मी पाठीमागं बसून त्यांना टेकवून धरायचे, माझ्या छातीवर त्यांची पाठ. अकराव्या दिवशी, ऊन अंगणात यायच्या सुमाराला, श्वासाचा आवाज बदलला. मी माझिगोला हाक मारली. तो येईपर्यंत सगळं शांत झालं होतं. वन्संना अठ्ठावन्न पुरी व्हायला दोन महिने होते.

कोलेता दुपारच्या बोटीनं आली. आम्ही पुरायचं थांबवून ठेवलं होतं. ती रडली नाही. आईच्या उशाशी बसली, तिचे केस मोकळे केले आणि पुन्हा विणले, एकेक पेड ओढून, घट्ट, तासभर. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "शेवटी काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हणाले. खरंच काही म्हणाल्या नव्हत्या.

"माझं नाव?"

मी खोटं बोलू शकले असते. माझिगो नंतर मला म्हणाला, बोलायला हवं होतंस, काय गेलं असतं तुझं. पण मी "नाही" म्हणाले. कोलेतानं मान हलवली आणि कंगवा पिशवीत टाकला. प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभी राहिली, मूठभर माती टाकली, तिसऱ्या दिवशी निघाली. धक्क्यावर मी उकडलेली रताळी बांधून दिली, ती तिनं घेतली.

त्याला आता सात महिने झाले. तिचा फोन माझिगोच्या नंबरवर येतो, त्याच्याशी बोलते, प्रकृती विचारते. मी शेजारी बसलेली असते. मामीला दे असं ती म्हणत नाही, आणि हातातला फोन माझ्याकडे द्यावा हे माझिगोला सुचत नाही.